खाडीकडे तोंड करून

आमच्या घरमालकांची दिवाळी एका खुर्चीपासून सुरू व्हायची. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पट्ट्या आणून त्यांनी ती स्वतः समोर उभं राहून वेल्ड करून घेतली होती. वसुबारसेच्या सकाळी ती गच्चीवरून खाली आणायला दोन धडधाकट माणसं लागत. ती जिन्याच्या कठड्यावर आपटत खाली निघाली की आम्हा भाडेकरूंना कळायचं, की आता देवदिवाळीपर्यंत नळ गळला काय किंवा मोटर जळली काय, मालक आपलं काही ऐकणार नाहीत. ते ड्यूटीवर गेले.

मी तेव्हा पनवेलच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला नुकताच लागलो होतो. नव्या पनवेलच्या कडेला एक जुनं गाव शहराच्या पोटात अर्धवट पचून पडलं होतं, त्या गावातल्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. शहर वसवायला जमीन घेतली, तिच्या बदल्यात जो प्लॉट मिळाला त्यावर मालकांनी ही इमारत बांधली होती. गावातल्या इतर जमीनवाल्यांच्या गळ्यात सोन्याच्या साखळ्या होत्या. आमच्या मालकांच्या गळ्यात सुतळीला बांधलेला टेस्टर असायचा. लुंगी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा आणि छातीवर तो टेस्टर. लग्नाकार्यालाही ते तसेच जात. एकदा एका हळदीच्या मांडवात बँडवाल्यांचा स्पीकर बंद पडला, तेव्हा सोन्याच्या साखळीचा कोणाला काही उपयोग झाला नाही, हे ते पुढे कित्येक वर्षं सांगत.

पहिल्या दिवाळीत मी गॅलरीतून खाली पाहिलं आणि मला वाटलं, वायरमन पिऊन आला असावा. सबंध इमारतीवर एक दिवा नव्हता. खाली मात्र गुडघाभर उंचीच्या खुंट्यांवरून बल्बची एक लांबलचक माळ निघाली होती. ती फाटकापासून सुरू होऊन पार्किंगमधून वाकडीतिकडी जात होती, जांभळाच्या झाडाशी एकदम वळत होती आणि मोकळ्या प्लॉटमधून थेट नाल्यापर्यंत पोचत होती. वाटेत एक स्कूटर होती, तिला वळसा नव्हता; माळ स्कूटरच्या सीटवरून गेली होती.

मी खाली जाऊन अदबीनं विचारलं, की माळ सरळ लावली असती तर बरी दिसली नसती का.

"सरळ लावली आसती तं ती रस्त्याची लायटिंग जाली आसती, मास्तर," ते म्हणाले. "ह्यो बांध हाय."

मग त्यांनी मला तिथेच, स्कूटरला टेकून, जो इतिहास सांगितला तो माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. आम्ही उभे होतो तिथे पूर्वी भातशेती होती आणि तिच्या पलीकडे खाडी. दोघांच्या मध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर भात. बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी आत, आणि मग पुढची काही वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवायचं नाही. त्या भगदाडाला खांड म्हणत. खेकड्याच्या एका भोकापासून खांड सुरू होई. ओहोटीला भोकं बुजवायची आणि भरतीला बांधावर बसायचं, हा गावाचा दिनक्रम. सर्वांत मोठं उधाण अमावास्येचं, आणि दिवाळी नेमकी अमावास्येची. मालक लहान असताना एका दिवाळीला सगळे आपापल्या अंगणात पणत्या लावत बसले आणि त्या रात्री बांध गेला. कापणीला आलेलं भात समुद्रानं खाल्लं. तेव्हापासून गावात रीत पडली: पहिला दिवा बांधावर, मग घरात.

पुढे सरकारनं जमीन घेतली, भराव टाकला, बांध मातीखाली गेला, खाडी मागे सरकली. रीतीला मात्र कोणी नोटीस दिली नव्हती. म्हणून मालक दर दिवाळीला जुन्या बांधाच्या रेषेवर माळ लावत. ती पेटल्याशिवाय त्यांच्या घरात देवापुढचा दिवासुद्धा लागत नसे. रेषा कशी सापडते, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी चप्पल काढून दाखवली. "पायाला कलतं." मी इतिहासाचा माणूस असल्यामुळे पुराव्याशिवाय हे मानायला तयार नव्हतो. शिवाय ज्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्यांनी मोटार घेतली त्या वर्षी बांध तीन-चार फूट डावीकडे सरकला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता मुख्य अडचण अशी, की ही माळ चोरीला जायची.

जमिनीलगत, सहज हाताला येणारी, रस्त्याच्या कडेनं जाणारी बल्बची माळ म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आमंत्रणच. कोणी बल्ब काढून नेई, कोणी वायर कापून नेई, तर कोणी नुसतंच लाथ मारून फोडून जाई. या शेवटच्या लोकांचं मला अजून कोडं आहे. मालकांनी उपाय पुष्कळ केले. खुंट्यांना ग्रीस फासलं, त्यात इमारतीतल्या सगळ्यांचे दिवाळीचे नवे कपडे गेले. बाभळीचे काटे पसरले, त्यात दूधवाल्याची सायकल पंक्चर झाली. आपटा गावाहून, नदीकाठच्या एका पाहुण्याकडून कुत्रा आणला. तो नावेतून उतरणारा माणूस दिसला तरच भुंकत असावा, कारण आमच्याकडे तो कोणावरही भुंकला नाही. फटाक्यांच्या दिवसांत तर तो मालकांच्याच खुर्चीखाली दडून बसे. एका वर्षी कळंबोलीहून जाळी आणून प्रत्येक बल्बला पिंजरा केला. चोरानं पिंजऱ्यासकट माळ नेली. लोखंडाला भाव असतोच.

तक्रार द्यायला मी त्यांच्याबरोबर चौकीत गेलो होतो. काय गेलं, असं हवालदारानं विचारलं. मालक म्हणाले, बांध. हवालदारानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला दिसत होतो, म्हणून त्याला आशा होती. मी खुलासा करू लागलो आणि खारजमिनीपर्यंत आलो, तेव्हा त्यानं आम्हा दोघांनाही चहा पाजून घरी पाठवलं. फार सज्जन माणूस.

पण या सगळ्या उपायांपेक्षा मालकांचा खरा भरवसा होता तो राखणीवर, म्हणजे त्या खुर्चीवर. तिन्हीसांजेला माळ पेटली की ते बॅटरी आणि काठी घेऊन खुर्चीत बसत. अमावास्येची भरती मध्यरात्री पुरी होते, त्यामुळे ते आत कधी जात हे आम्ही झोपणाऱ्यांपैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. इतकं डोळ्यांत तेल घालून बसूनही माळ चोरीला कशी जायची, हे मला दोन दिवाळ्या कळलं नाही. तिसऱ्या दिवाळीत गॅलरीत फराळ करताना कळलं, आणि चकली माझ्या हातातच राहिली.

मालक खाडीकडे तोंड करून बसायचे.

बांधावरचा राखणदार पाण्याकडे बघतो, शेताकडे नव्हे. धोका पाण्याच्या बाजूनं यायचा. त्यामुळे मालक माळेच्या पलीकडे खुर्ची टाकून, पश्चिमेकडे नजर लावून, ताठ बसलेले असत. समोर, पूर्वी जिथे खाडी होती तिथे, एका टायरच्या शोरूमची मागची भिंत होती. माळ त्यांच्या पाठीशी. माळेच्या मागे रस्ता. आणि रस्त्यावर, भर संध्याकाळी, एक माणूस वाकून अगदी निवांतपणे पिशवीत बल्ब भरत होता. मी ओरडलो तेव्हा त्यानं वर बघून हात केला आणि निघून गेला. मालक हलले नाहीत. ओरडणारा बांधाच्या आतल्या बाजूचा होता. त्याच्या ओरडण्यानं राखणदारानं पाण्यावरची नजर काढायची नसते.

मी खाली जाऊन त्यांना समजावलं. चोर रस्त्यानं येतात, खाडीनं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ता मला म्हायती हाय," ते म्हणाले. "पन मंग पान्याकडं कोन बगंल?"

हातात राहिलेली चकली त्यांना देऊन मी वर आलो.

त्यांच्या पुतण्यानं पुढे एक कॅमेरा बसवून दिला. चोरी झाल्यावर आम्ही सगळे मोठ्या उत्सुकतेनं त्याच्या मोबाईलवर चित्रण बघायला जमलो. शोरूमची भिंत दिसली. बराच वेळ भिंतच दिसली. एक मांजर डावीकडून उजवीकडे गेलं. पुतण्या गेल्यावर मालकांनी कॅमेऱ्याचं तोंड फिरवून ठेवलं होतं.

मालकीणबाई चिरनेरच्या. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. काकी ऐकत नाहीत असा विषय निघाला की मालक म्हणत, "जंगल सत्याग्रहाच्या गावची हाय ती. इंग्रजाचं नाय आयकलं त्यांनी, माजं काय आयकंल?" काकी मात्र या राखणीला कधी हसल्या नाहीत. रोज संध्याकाळी माळ पेटेपर्यंत समईत वात घालून, काड्याची पेटी हातात धरून त्या गॅलरीत उभ्या असत. खालून मालकांचा हात वर झाला की आत जाऊन समई लावत. शेजारच्या बायकांच्या पूजा उरकून फराळाची ताटं फिरू लागलेली असत, तरी यांचा देव अंधारात.

मग मालकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या वर्षी ते काठीशिवाय उभे राहू शकत नव्हते, आणि रेषा आखायला चालले तेव्हा दर पाच-दहा पावलांवर थांबत होते. काकींनी त्या वेळी माझ्यासमोर निर्वाणीचं सांगितलं.

"या साली माल तुटली ना, तं पुडच्या दिवालीला ही खुर्ची भंगारात जाईल. म्हाताऱ्यानं थंडीत बसायचं आनि चोरानं न्यायचं. बास जाला."

काकी बोलल्या म्हणजे ते होणार, हे इंग्रजांनाही ठाऊक होतं.

त्याच वर्षी आमच्या भागात एक शेठ उदयाला आले. ते भावी नगरसेवक होते. निवडणूक कधी होणार हे कोणालाच माहीत नसल्यामुळे ते कायमचे भावी होते. दहीहंडीपासून प्रत्येक खांबावर त्यांचा नमस्कार करणारा फोटो लागलेला; इतका नम्र माणूस इतक्या उंचीवर मी पूर्वी पाहिला नव्हता. दिवाळीला त्यांनी आमच्या रस्त्यावर रोषणाईची भव्य कमान उभारायचं ठरवलं. दोन मोर, मध्ये कलश आणि कलशाच्या वर, जिथे नारळ असतो तिथे, शेठ. उद्घाटन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, त्यांच्याच हस्ते.

माळ वसुबारसेपासून एकसंध राहिली होती. धनत्रयोदशी गेली, नरक चतुर्दशी गेली. काकींनी खुर्चीवर उशी आणून ठेवली, यावरून त्या थोड्या पाघळल्या होत्या असं मला वाटलं. अमावास्येच्या संध्याकाळी माळ पेटली, मालक खुर्चीत टेकले, खाडीकडे वळले. त्यांचा हात वर जाणार तेवढ्यात कमानीचे मंडपवाले शेवटचा बांबू रोवायला जांभळापाशी आले. आड वायर आली. एकानं पकडीनं ती कापली, दुसऱ्यानं चार खुंट्या उपटून बाजूला टाकल्या. चोरी नव्हे, द्वेष नव्हे; रस्ता मोकळा करून घेतला, एवढंच. जांभळापासून नाल्यापर्यंतचा बांध एका क्षणात काळा झाला.

मालकांना ते दिसायचं कारण नव्हतं. पण गॅलरीतून काकींनी पाहिलं. त्यांनी मालकांना नावानं हाक मारली. मी त्या इमारतीत इतकी वर्षं राहिलो, त्यांच्या तोंडून ते नाव त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मालक काठी रोवून उठले आणि मागे वळले. त्यांनी अंधार पाहिला. मग त्या म्हाताऱ्याच्या छातीतून जो आवाज निघाला तो फटाक्यांच्या वर गेला.

"खांड गेली रे! खांड गेली!"

खांड गेली म्हणजे बांध फुटला, आणि तो ओरडा ऐकला की असेल तसं धावायचं, हे आम्हा भाडेकरूंना माहीत नव्हतं. आम्ही मोबाईल काढले. पण गावातली जी जुनी घरं अजून उभी होती त्यांची दारं उघडली. म्हातारे आले, म्हाताऱ्या आल्या. एक जण तर खांद्यावर फावडं आणि हातात घमेलं घेऊन धावत आला. जांभळापाशी येऊन त्यानं चौफेर पाहिलं. डांबर, मोटारी, दोन मोर. आपण घमेलं का आणलं हे त्याचं त्यालाही कळेना. लाजून ते परत नेणं त्याला जमलं नसावं. त्यानं ते तुटलेल्या जागी आडवं ठेवलं, कोणाच्या तरी अंगणातली पणती आणली आणि वाऱ्याच्या आडोशाला घमेल्यात लावली.

मग काकी खाली आल्या. त्यांच्या हातात पूजेची समई होती. घमेल्याच्या पुढे त्यांनी ती ठेवली, काडी ओढली आणि पेटवली. लक्ष्मी वर अंधारात बसून राहिली.

त्यानंतर काय झालं ते मला नीट क्रमानं सांगता येणार नाही, कारण मी आमचा आकाशकंदील उतरवायला वर पळालो होतो. खाली आलो तेव्हा तळमजल्यावरचं बिहारी कुटुंब छठसाठी आणलेले दिवे मांडत होतं. मेडिकलवाल्यानं दुकानावरचा हिरवा चमकणारा क्रॉस वायरसकट आणून खुंटीला टांगला होता. पहिल्या मजल्यावरच्यांनी मोटार आणून तिचे दिवे लावले, आणि ती त्याच रेषेवर उभी केली जिथून तिनं एकदा बांध हटवला होता. टायरवाले चाचा शोरूमचा इमर्जन्सी दिवा घेऊन आले. तो नाल्याच्या टोकाला ठेवून मालकांना म्हणाले, "मालक, फिकर मत करो. पानी आया तो पहले मेरे टायर भीगेंगे. आवाज दूँगा."

एवढ्यात शेठ आले. समोर गर्दी, दिवे, घमेलं. त्यांनी नमस्कार केला, जो तोवर आम्ही फक्त उंचावर पाहिला होता, आणि माईक मागितला. आपल्या संकल्पनेतून साकारलेल्या या पारंपरिक दीपोत्सवाला मिळालेला प्रतिसाद पाहून त्यांना भरून आलं होतं. त्यांच्या मागे कमान पेटली आणि मोर पिसारा उघडमीट करू लागले, पण सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे होत्या. दुसऱ्या दिवशी शहरभर फोटो लागला. त्यात घमेलं स्पष्ट दिसत होतं.

मालक जांभळाखाली काठीवर भार देऊन उभे होते. फाटकापासून नाल्यापर्यंत त्यांनी हळूहळू मान फिरवली. हिरव्या क्रॉसवर नजर जरा अडखळली. मग म्हणाले, "बरी दिसतं."

काकींनी त्यांच्या दंडाला धरलं. "बगितलात ना? बसा आता. पान्याकडं कोन नाय."

खुर्ची भंगारात गेली नाही. पुढच्या वर्षीपासून त्या रेषेचे तुकडे आपोआप वाटले गेले. जांभळापर्यंत आम्ही, पुढे मेडिकलवाला, मग बिहारी कुटुंब, शेवटी चाचा. ज्याचा तुकडा त्यानं लावायचा आणि रस्त्याकडे तोंड करून सांभाळायचा. चोऱ्या जवळजवळ थांबल्या. इतक्या जणांच्या देखत बल्ब काढायला चोरालाही संकोच वाटत असावा. मालकांची मात्र एकच तक्रार: एवढी माणसं, आणि सगळी एकाच बाजूला बघतात.

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. वैशाखात, दुपारी, ओहोटीच्या वेळी गेले, असं काकींनी सांगितलं. मी तोवर कामोठ्याला स्वतःच्या घरात राहायला गेलो होतो. त्या घराला सोसायटीनं ठरवून दिलेली, सगळ्या इमारतींना सारखी, अगदी सरळ रोषणाई असते. तिच्यासाठी पगारी वॉचमन आहे.

गेल्या दिवाळीला काकींना भेटायला गेलो. शेठ अजून भावी आहेत. माळ लागली होती, तशीच वाकडी. घमेलंही होतं, त्याला कोणीतरी ऑइलपेंट दिला आहे. माळेच्या पलीकडे खुर्ची होती, पश्चिमेकडे तोंड करून, रिकामी. मी तिच्याकडे बघतोय हे काकींनी पाहिलं.

"बसा, मास्तर," त्या म्हणाल्या. "माल आमी बगतो. तुमी पान्याकडं बगा."

मी बसलो. खुर्ची होती तशीच गैरसोयीची होती. समोर शोरूमची भिंत, तिच्यावरून नव्या विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाचा एक दिवा खाली खाली येत होता. मागे पोरांचा, बायकांचा गलका होता. मागून येणारा उजेड माझी सावली त्या भिंतीवर टाकत होता, आणि तेवढ्यावरूनच कळत होतं की माळ पेटलेली आहे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की उभ्या आयुष्यात मालकांनी आपली रोषणाई डोळे भरून एकदाच पाहिली होती; ती तुटली त्या संध्याकाळी.

मागे काहीतरी खळकन फुटलं. कोणीतरी ओरडलं, धावपळ झाली.

मी वळलो नाही. ती बाजू माझी नव्हती.